कयाकमधून कोकॅनी सॅमनचे ट्रोलिंग : वॉशिंग्टन राज्यातील नवशिक्यांसाठी

सिएटल, रेडमंड, बेलव्ह्यू या परिसरातल्या अनेक मराठी घरांच्या गॅरेजमध्ये एखादी कयाक टांगलेली असते. उन्हाळ्यात ती दोन-तीनदा पाण्यात उतरते आणि पुन्हा भिंतीला लागते. ज्यांना गरी टाकण्याची हौस आहे, त्यांना त्याच कयाकमधून कोकॅनी नावाचा चविष्ट सॅमन पकडता येतो आणि त्यासाठी मोठी मोटरबोट घेण्याची गरज नसते. चालत्या होडीमागून ठरावीक खोलीवर आमिष ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. कोकॅनीसाठी लागणारा संथ वेग कयाकला सहज साधतो, उलट मोठ्या इंजिनांच्या बोटींना तो साधण्यासाठी खटपट करावी लागते. मात्र या छंदाची बहुतेक माहिती आमिषांच्या रंगांभोवती फिरते आणि नवा माणूस दुकानातून डझनभर रंग घेऊन बाहेर पडतो. माझ्या मते खोली आणि वेग या दोन गोष्टी जमल्या की रंगाचा विचार तिसऱ्या क्रमांकावर येतो. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

१. मासा आधी समजून घ्या

कोकॅनी हा सॉकाय जातीचाच सॅमन आहे, फक्त तो समुद्रात जात नाही आणि सारे आयुष्य गोड्या पाण्यात काढतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की शरद ऋतूच्या सुमारास तो लाल पडतो, अंडी घालतो आणि मरतो. बहुतेक तळ्यांत तो १० ते १५ इंचांचा मिळतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जे तो कल्ल्यांतील लांब, बारीक गाळणीने टिपतो. म्हणजे आपण ओढत असलेले चमकदार आमिष हे त्याचे नेहमीचे अन्न नव्हे. चिडून किंवा कुतूहलाने तो त्यावर झडप घालतो, असे अनुभवी गळकरी मानतात, आणि म्हणूनच त्याच्या आमिषांना गुलाबी, नारिंगी, पोपटी असे भडक रंग असतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट तापमानाची. त्याला सुमारे ५० ते ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. एप्रिल-मे महिन्यांत असे पाणी पृष्ठभागाजवळच मिळते, त्यामुळे मासाही वरच्या १०-२० फुटांत फिरतो. उन्हाळा चढतो तसा गरम पाण्याचा थर वर साठतो, थंड पाणी खाली राहते आणि कोकॅनीचे थवे ४०, ६०, कधी त्याहूनही अधिक फूट खाली उतरतात. नवशिक्याने वसंतात सुरुवात करावी असे सगळे सांगतात आणि खोलीचा विचार करता ते बरोबरच आहे. पण त्याच काळात पाणी सर्वांत घातक असते. त्याविषयी चौथ्या टप्प्यात सविस्तर लिहिले आहे.

२. तळे निवडा

येथे पहिला आणि सर्वांत मोठा सापळा आहे. रेडमंड-इसाक्वा भागात राहणाऱ्यांना लेक समामिश अगदी दाराशी आहे आणि त्यात कोकॅनी आहे, हेही खरे. पण तिथला कोकॅनी मूळचा स्थानिक वंश आहे, त्याची संख्या फार घटली आहे आणि त्याला वाचवण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालू आहेत. त्या तळ्यात कोकॅनी ठेवून घेण्यास मनाई आहे; चुकून लागला तर तो सोडून द्यावाच लागतो. कयाकचा सराव लेक समामिशवर जरूर करा, कोकॅनीसाठी मात्र दुसरीकडे जा.

सिएटलच्या उत्तरेला, एव्हरेटजवळचे लेक स्टीव्हन्स हे नवशिक्यासाठी मला सर्वांत सोयीचे वाटते. तिथे राज्याचे मासे व वन्यजीव खाते कोकॅनीची पिल्ले सोडते, कयाक उतरवण्यासाठी सार्वजनिक जागा आहेत आणि किनारा कुठूनही फार दूर नसतो. उन्हाळ्यात तिथे वेगवान बोटी आणि वॉटर स्कीइंग यांची वर्दळ असते, म्हणून पहाटे जाऊन लवकर परत येणे चांगले. बेलिंगहॅमजवळच्या लेक व्हॉटकमवरील मत्स्यबीज केंद्रातून राज्यातील अनेक तळ्यांना कोकॅनीचा पुरवठा होतो. वॉशिंग्टन राज्यातील (कॅनडातील नव्हे) व्हँकुव्हर किंवा पोर्टलँडच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी लुईस नदीवरील मर्विन आणि येल ही धरणांची तळी नावाजलेली आहेत, मात्र तिथे पाण्याची पातळी बदलते आणि तरंगते ओंडके आढळतात. लेक शेलान सुंदर आहे, पण १,४८६ फूट खोल, सुमारे ५० मैल लांब आणि डोंगरांमधून वाहणाऱ्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या सरोवरात पहिल्या हंगामात कयाक नेऊ नये.

३. परवाना आणि कागदपत्रे

वॉशिंग्टन राज्यात १५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. कोकॅनीसाठी गोड्या पाण्याचा परवाना पुरेसा आहे. वार्षिक परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरले जाते. त्यामुळे फेब्रुवारीत घेतलेला वार्षिक परवाना मार्चअखेर संपतो, हे लक्षात न घेता पैसे वाया घालवणारे दरवर्षी भेटतात. तोपर्यंत एक-दोन दिवसांचा परवाना घेणे शहाणपणाचे ठरते.

परवान्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. राज्यात किमान ९० दिवस कायम वास्तव्य असेल, पुढेही इथेच राहण्याचा हेतू कागदोपत्री दाखवता येत असेल आणि दुसऱ्या राज्यात रहिवासी म्हणून परवाना घेतलेला नसेल, तर स्थानिक रहिवाशाचा दर लागू होतो. नुकतेच टेक्सास किंवा न्यू जर्सीहून आलेल्यांनी हे ९० दिवस मोजूनच अर्ज करावा, कारण रहिवासाबद्दल खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना गळ हातात घ्यायचा असेल, तर त्यांच्यासाठी अनिवासी अल्पमुदतीचा परवाना घ्यावा.

सोबत ठेवण्याची कागदपत्रे अशी :

- मासेमारीचा चालू परवाना आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र.
- वाहनाचा पास. मासे खात्याच्या जागांवर गाडी उभी करण्याचा पास वार्षिक परवान्यासोबत मिळतो. राज्य उद्यानातून कयाक उतरवायची असेल तर मात्र डिस्कव्हर पास लागतो. दोन्ही पास एकच समजल्यामुळे बरेच जण दंड भरतात.
- त्या तळ्याचे चालू नियम, फोनमध्ये उतरवून घेतलेले. खात्याचे फिश वॉशिंग्टन नावाचे अ‍ॅप यासाठी उपयोगी आहे.

नियम प्रत्येक तळ्याचे वेगळे असतात. दिवसाला किती मासे ठेवता येतात, आमिषाला खाद्यपदार्थ लावता येतो का, दोन काठ्या चालतात का, हे सर्व तळ्यागणिक बदलते. शिवाय खाते हंगामाच्या मध्येही तातडीचे बदल जाहीर करते. म्हणून छापील पुस्तिकेवर विसंबून न राहता निघण्याच्या आदल्या रात्री संकेतस्थळ पाहावे.

४. पाणी थंड आहे, हे गृहीत धरून तयारी करा

एप्रिलमध्ये छान ऊन पडते, हवा ६५ अंश फॅरनहाइटवर जाते आणि टी-शर्ट घालून कयाकमध्ये बसण्याचा मोह होतो. त्या वेळी तळ्याचे पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास असू शकते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल बचाव प्रशिक्षणात एक-दहा-एक असा हिशेब शिकवतात. पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी नाकातोंडात जाते. त्यानंतर सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. यावरून दिसते की बुडणारे बहुतेक लोक गारठून मरण्याआधीच, पहिल्या काही मिनिटांत बुडतात. चांगले पोहता येणाऱ्यालाही हेच लागू आहे.

कायद्याने कयाकमधील प्रत्येक माणसासाठी तटरक्षक दलाने मान्य केलेले एक लाइफ जॅकेट असलेच पाहिजे आणि १२ वर्षे व त्याखालील मुलांनी ते अंगात घातलेच पाहिजे. मोठ्यांना कायदा अंगात घालण्याची सक्ती करत नाही. ही सवलत कोणीही वापरू नये, कारण पाण्यात पडल्यानंतर जॅकेट घालणे जवळपास अशक्य असते. कपडे हवेच्या तापमानाला नव्हे तर पाण्याच्या तापमानाला साजेसे असावेत : वसंतात ड्राय सूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, किंवा किमान जाड वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. ड्राय सूट महाग असतो हे मान्य आहे. तो घेणे शक्य नसेल तर जूनअखेरपर्यंत थांबावे आणि खोल पाण्यातल्या मासेमारीने सुरुवात करावी. ती थोडी अवघड असली तरी जिवाचा धोका बराच कमी होतो.

जुलैमध्ये, पोहण्याच्या किनाऱ्याजवळ, एका सोबत्याला घेऊन मुद्दाम कयाक उलटी करा आणि ती सरळ करून पुन्हा चढण्याचा सराव करा. सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसण्याच्या प्रकारची कयाक यासाठी सोपी असते : उलटलेल्या तळाखालून पलीकडची कड धरून ती सरळ करायची, मग पाय मारत शरीर पाण्यावर आडवे आणायचे, पोटावर कयाकमध्ये सरकायचे आणि शेवटी वळून बसायचे. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी एकट्याने खोल पाण्यात जाऊ नये.

याशिवाय जॅकेटला बांधलेली शिट्टी, जलरोधक पिशवीतला फोन, उंच झेंडा आणि पहाटेच्या अंधारासाठी पांढरा दिवा सोबत असावा. कुठे उतरणार आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवावे. दुपारकडे वारा वाढण्याची शक्यता असते, म्हणून सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावी. दमल्यावर वारा आपल्याला गाडीकडे ढकलत आणेल, अशी आखणी असावी.

५. साहित्य

कयाक ११ ते १३ फुटांची, स्थिर आणि शक्यतो पायाने, म्हणजे पेडल मारून चालणारी असावी. वल्ह्याच्या कयाकमधूनही ट्रोलिंग होते, पण मासा लागताच वल्हे ठेवावे लागते, कयाक थांबते, दोर सैल पडतो आणि मासा सुटतो. पायाने चालणाऱ्या कयाकमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात आणि वेगही एकसारखा ठेवता येतो.

काठी सुमारे ७ फूट लांब, हलकी आणि मुळापर्यंत वाकणारी हवी. कोकॅनीचे तोंड इतके नाजूक असते की ताठ काठीने दिलेला एक झटकाही गळ उपटायला पुरेसा होतो. किती फूट दोर सोडला हे दाखवणारे रीळ घ्यावे. हा खर्च टाळू नये, कारण त्याशिवाय एकदा सापडलेली खोली पुन्हा साधता येत नाही.

दोराच्या टोकाला येणारी जुळणी साधी आहे. आधी ४ ते ६ इंचांचा डॉजर, म्हणजे पाण्यात डावीउजवीकडे झुलणारी धातूची पट्टी. तिच्यामागे छोटा लीडर, म्हणजे डॉजर आणि आमिष यांना जोडणारा दोराचा तुकडा, आणि त्याला आमिष. दीड इंची हूची, म्हणजे रबराचे इवलेसे माकूल, किंवा फिरत्या पात्याचा स्पिनर, एवढी दोनच आमिषे सुरुवातीला पुरतात. हूचीला स्वतःची हालचाल नसते, ती डॉजरकडून मिळते. म्हणून तिचा लीडर आखूड, ८ ते १२ इंचांचा आणि जरा जाड, ताठर तंगुसाचा असावा. स्पिनर स्वतः फिरतो, त्यामुळे त्याचा लीडर दुप्पट लांब चालतो. नवशिक्यांची हूची निष्प्रभ ठरते ती बहुधा लांब लीडरमुळेच.

गळाच्या टोकाला पांढऱ्या मक्याचा दाणा लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. किराणा दुकानात मिळणारा डबाबंद शूपेग मका त्यासाठी वापरतात आणि त्याला लसूण, बडीशेपेसारखा वास असलेला अ‍ॅनिस किंवा कोळंबीचा अर्क लावतात. एका गळाला एकच दाणा लावा. अधिक लावल्यास आमिष जड होऊन हालचाल मरते. ज्या तळ्यात केवळ कृत्रिम आमिषाची परवानगी आहे, तिथे मका चालत नाही, हेही पाहून घ्यावे.

फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे आणि खोली पडद्यावर दाखवणारे यंत्र), लांब दांड्याची रबरी जाळी, चिमटा, बर्फाची पेटी आणि जॅकेटला अडकवलेली सुरी ही उरलेली यादी. सुरी कशासाठी, ते सातव्या टप्प्यात येईल.

६. वेग

कोकॅनीसाठी ताशी १ ते १.५ मैल हा वेग योग्य मानला जातो. पायाने चालणाऱ्या कयाकमध्ये सहज पाय मारले तरी वेग २ मैलांवर जातो, म्हणून नवशिक्याने आपण फारच हळू जात आहोत असे वाटेपर्यंत वेग कमी करावा आणि फिशफाइंडरवरचा किंवा फोनमधला जीपीएसचा आकडा पाहावा. वाऱ्यासोबत जाताना पाय जवळपास थांबवावे लागतात.

आकड्यापेक्षाही विश्वासार्ह साक्षीदार म्हणजे डॉजर. तो खोल सोडण्यापूर्वी कयाकच्या कडेला, दोन फूट पाण्यात ओढून पाहा. तो संथ लयीत डावीउजवीकडे झुलत असेल तर वेग बरोबर. गोल गोल फिरू लागला तर वेग जास्त आहे आणि लीडरला पीळ पडणार. नुसताच सरळ ओढला जात असेल तर वेग कमी आहे.

सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. उजव्या बाजूला दोर असताना डावीकडे वळलात की आमिष बाहेरच्या वर्तुळात जाऊन वेग घेते आणि वर उठते, तर उजवीकडे वळल्यावर ते मंदावते आणि खाली बसते. मासा कोणत्या वळणावर लागला हे ध्यानात ठेवले, तर त्या दिवशी त्याला जास्त वेग हवा आहे की कमी, याचे उत्तर मिळते. डाउनरिगरच्या (जड गोळ्याने आमिष हव्या त्या खोलीवर नेणारे साधन, त्याविषयी पुढच्या टप्प्यात) गोळ्यावर आखूड दोर असेल तर हा फरक कमी जाणवतो. अशा वेळी प्रत्यक्ष वेगच थोडा कमीजास्त करावा.

७. खोली

फिशफाइंडरवर थवा दिसला की आमिष माशांच्या थोडे वर, साधारण ५ फूट, ठेवावे. कोकॅनी वरचे आमिष पाहून चढून येतो, खालच्या आमिषासाठी तो सहसा उतरत नाही. फिशफाइंडरवर दिसणारे तापमान केवळ पृष्ठभागाचे असते, हेही विसरू नये. वर ६८ अंश दिसले म्हणून मासा नाही असे होत नाही. तो खाली थंड थरात असतो.

तिथपर्यंत पोहोचण्याचे तीन मार्ग आहेत. वरच्या २० फुटांसाठी दोरावर एक-दोन औंसांचे शिसे लावून ५० ते १०० फूट दोर मागे सोडला तरी काम भागते. त्याखाली लेडकोअर दोर उपयोगी पडतो. त्याच्या आत शिशाची तार असते, दर १० यार्डांनी त्याचा रंग बदलतो आणि या वेगाला ढोबळमानाने एका रंगामागे ५ फूट खोली मिळते. म्हणजे ३० फुटांसाठी सहा रंग सोडायचे. वेग कमी झाला की तो अधिक खाली जातो. कयाकमध्ये हा मार्ग मला सर्वांत सुटसुटीत वाटतो, कारण त्यात वेगळे यंत्र लागत नाही. दोराच्या वजनामुळे माशाची ओढ मात्र बोथट जाणवते.

तिसरा मार्ग डाउनरिगरचा. तारेला बांधलेला जड गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा आणि आपला दोर क्लिपने त्याला अडकवायचा. मासा ओढतो, क्लिप सुटते आणि दोर मोकळा होतो. अचूकतेत याला तोड नाही. कयाकसाठी छोटे, हाताने फिरवायचे डाउनरिगर मिळतात आणि ४ पौंडांचा गोळा पुरतो. खोल पाण्यात गोळ्यामागे १५ ते ३० फूट दोर पुरे होतो.

धोका येथेच आहे. गोळा तळाच्या ओंडक्यात अडकला आणि त्याच वेळी वारा असला, तर कयाक एका बाजूने जखडली जाते व उलटू शकते. म्हणून डाउनरिगर पाठीमागे न बसवता पुढे, हाताच्या टप्प्यात बसवावा, गोळा तळापासून किमान १० फूट वर ठेवावा आणि पोलादी तारेऐवजी कापता येईल असा विणलेला दोर वापरावा. सुरी जॅकेटवर हवी ती यासाठी. गोळा गेला तर जाऊ द्यावा.

ऊन वर येऊ लागले की थवाही खाली सरकू लागतो. सहा वाजता २५ फुटांवर मासे लागत होते आणि आठ वाजता थांबले, तर रंग बदलण्याआधी खोली बदलून पाहावी.

८. मासा लागल्यावर

काठी झटकू नका. ती होल्डरमधून अलगद उचला, पाय हळूहळू मारत राहा म्हणजे दोर ताणलेला राहील, आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, इतका सैल ठेवा की मासा ओढेल तेव्हा दोर सुटत राहील. कोकॅनी कयाकजवळ आल्यावर उसळ्या मारतो, गिरक्या घेतो, आणि बहुतेक मासे तिथेच सुटतात. डॉजर काठीच्या टोकापर्यंत गुंडाळू नका, त्याआधी थांबा. काठी डोक्याच्या मागे नेऊन मासा कडेला आणा आणि पाण्यात आधीच बुडवून ठेवलेल्या जाळीत तो डोक्याकडून घ्या. जाळी घेऊन माशाच्या मागे धावू नये आणि शरीर कडेबाहेर झुकवू नये.

जाळीतला मासा नक्की कोण आहे, हे तिथेच तपासा. कोकॅनीच्या पाठीवर आणि शेपटीवर ठळक काळे ठिपके नसतात, शेपटी खोल दुभंगलेली असते आणि त्याचे चंदेरी खवले हाताला चिकटतात. रेनबो ट्राउटच्या शेपटीवर ठिपके असतात, तर कटथ्रोट ट्राउटच्या जबड्याखाली लाल-नारिंगी रेघा दिसतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असू शकते.

उन्हाळ्यात खोलवरून गरम पृष्ठभागावर आणलेला कोकॅनी सोडून दिला तरी बहुधा जगत नाही. म्हणून मोठा मासा मिळेल या आशेने लहान सोडत बसू नये. मर्यादेपुरते मासे झाले की गळ गुंडाळावा.

९. पकड आणि परतीची कामे

ठेवायच्या माशाला डोक्यावर ठोसा देऊन लगेच मारावे, कल्ला कापून रक्त वाहू द्यावे आणि मासा बर्फ व थोड्या पाण्याच्या काल्यात ठेवावा. त्याचे मांस तेलकट आणि मऊ असते. बर्फाशिवाय दोन तास राहिला तर ते पिठूळ होते आणि मग दोष माशाला दिला जातो. पाण्यावरच तुकडे करू नयेत, कारण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला जात आणि संख्या ओळखता आली पाहिजे. ऑगस्टअखेरपासून लालसर होऊ लागलेल्या माशाचे मांस फिके आणि बेचव होते, तो ठेवून उपयोग नाही. एरवी हळद, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात परतला तरी पुरतो. जाड मसाल्याखाली त्याची चव हरवते.

तळ्याकाठीच कयाकचा सांडपाण्याचा बूच काढून पाणी ओतून द्या, पायट्यांच्या यंत्रात आणि गोळ्याच्या दोरावर अडकलेले शेवाळ काढा आणि घरी सारे कोरडे होऊ द्या. परक्या शिंपल्यांचा आणि पाणवनस्पतींचा फैलाव अशाच ओल्या साहित्यातून होतो. दुसऱ्या राज्यातून कयाक आणत असाल, तर वाटेवरच्या तपासणी नाक्यावर थांबणे सक्तीचे आहे, मग ती गाडीच्या टपावर बांधलेली का असेना.